नाशिकची लाल वाइन

नाशिक जिल्ह्यात पिकणाऱ्या काळ्या द्राक्षांपासून तयार केलेली वाइन. दिंडोरी, निफाड, नाशिक आणि इगतपुरी तालुक्यांचा काही भाग हा तिच्या बागांचा मुख्य पट्टा असून तो दख्खनच्या पठारावर सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. शिराझ ही येथील प्रमुख जात. कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो, झिनफँडेल आणि टेम्प्रानियो याही लावल्या जातात. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

हवामान : कसारा घाटाखालच्या उल्हास नदीच्या सखल, दमट खोऱ्यात बुरशीजन्य रोगांमुळे द्राक्षबाग टिकवणे अवघड. इगतपुरीच्या पूर्वेला मात्र पाऊस झपाट्याने घटतो आणि हवा कोरडी होते. तरीही येथे द्राक्ष जमण्यामागे उंची हे अर्धेच कारण आहे. नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या आसपास जातो. द्राक्षाला लागणारा गारवा येथे हिवाळ्यातून मिळतो, आणि पीक त्या हिवाळ्यात आणून बसवण्याचे श्रेय बागायतदाराच्या कात्रीला आहे.

छाटणी : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तिच्यानंतर पुढच्या पिकाच्या काड्या तयार होतात. पावसाळा सरताना गोडी छाटणी होते आणि वेलीवर घड येतात. छाटण्या दोन, पीक एक. युरोपात वेल थंडीत झोपते. नाशिकला याच दिवसांत फळ पिकते आणि जानेवारी ते मार्चदरम्यान तोडणी होते. निफाडला रात्रीचे तापमान अनेकदा 10 अंशांखाली उतरते, दुपारी मात्र लख्ख ऊन असते. उन्हाने साखर भरते. थंड रात्रींमुळे आम्ल टिकते आणि सालीत रंग चढतो. वाइनची द्राक्षे लहान, बियांची व जाड सालीची असतात. दर्जासाठी वेलीवरचे घड मुद्दाम कमी ठेवतात.

निर्मिती : तोडणी शक्यतो पहाटेच्या गारव्यात करतात. देठ काढून द्राक्षे फोडतात आणि रस सालींसकट साधारण 25 ते 30 अंशांवर आंबवतात. वर तरंगणाऱ्या सालींवर खालचा रस पुन्हापुन्हा फिरवल्याने रंग व तुरट टॅनिन त्यात उतरते. नंतर जिवाणू तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. निवडक वाइन ओकच्या पिंपांत मुरवतात. सुला कंपनीची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ हे त्याचे परिचित उदाहरण.

इतिहास : आधुनिक महाराष्ट्रीय वाइनची पायाभरणी 1980 च्या दशकात श्यामराव चौगुले यांच्या नारायणगाव येथील शातो इंडाजने केली. राजीव सामंत यांनी 1999 मध्ये नाशिकला सुलाची स्थापना केली. राज्य शासनाच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणामुळे करसवलती मिळाल्या. विंचूर (नाशिक) व पलूस (सांगली) येथे वाइन पार्क आखले गेले. 2008–09 च्या मंदीत मागणी घटली आणि अनेक शेतकऱ्यांना वाइनच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. त्यातून सावरलेला हा व्यवसाय त्यांच्या सोसण्यावरही उभा आहे.

आस्वाद : शिराझमध्ये काळी मिरी, जांभळासारखे गडद फळ व मसाल्याचा गंध जाणवतो. ती 16 ते 18 अंशांवर चांगली लागते. आपल्याकडच्या उकाड्यात बाटली आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवणे योग्य. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय 21 वर्षे आहे.

आव्हाने : हिवाळ्यातील अवकाळी पाऊस आणि गारपीट ऐन पिकत्या घडांवर येते. मणी तडकतात, कुजतात आणि साखर पातळ होते. रात्री उबदार झाल्या तर आम्ल लवकर उतरते. कोरडी, थंड रात्र हेच या वाइनचे भांडवल असल्यामुळे तोडणीची वेळ, जातींची निवड आणि बागेची जागा यांचा नव्याने विचार करणे नाशिकच्या बागायतदाराला भाग आहे.