गुडघ्याभोवतीचे अस्थिभंग : शस्त्रक्रियेपूर्वीचे प्रतिमांकन

गुडघ्याच्या सांध्यात किंवा त्याच्या लगत मोडलेले हाड शस्त्रक्रियेने जुळवण्यापूर्वी क्ष-किरण चित्र, सीटी स्कॅन, एमआरआय आणि गरज पडल्यास रक्तवाहिन्यांचे सीटी चित्रण करून इजेचे स्वरूप ठरवण्याची पद्धत. मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीचे वरचे टोक आणि गुडघ्याची वाटी या तीन जागांचे अस्थिभंग या नोंदीत येतात. हाड मोडले की नाही हे बहुधा पहिल्याच चित्रात कळते. पुढची चित्रे वेगळ्या प्रश्नांसाठी काढतात : सांध्याचा पृष्ठभाग कोठे तुटला, किती खचला, तुकडे कोणत्या बाजूला सरकले आणि कोणत्या छेदातून त्यांच्यापर्यंत पोचता येईल.

रचना : मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आतला व बाहेरचा असे दोन गोलसर फुगवटे असतात. ते नडगीच्या माथ्यावरील दोन उथळ पृष्ठभागांवर टेकतात. मध्ये कूर्चेच्या दोन गाद्या असतात. नडगीचा माथा सपाट वाटला तरी किंचित मागे उतरता असतो. त्याची आतली बाजू मोठी व भक्कम, तर बाहेरची बाजू तुलनेने कमकुवत असते. म्हणून बाहेरच्या बाजूचे अस्थिभंग अधिक आढळतात, आणि आतली बाजू मोडली असेल तर आघात जबर होता असे धरून चालतात. गुडघ्यामागच्या खळगीतून पायाची मुख्य धमनी हाडाला चिकटूनच जाते. मांडीचे हाड गुडघ्याच्या वर मोडले की पोटरीचे स्नायू खालचा तुकडा मागे ओढतात आणि ही धमनी धोक्यात येते.

कारणे : उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील भाजे गावाच्या परिसरात या इजांची जवळजवळ सगळी कारणे हाताच्या अंतरावर आहेत. मळवली स्थानकाकडून गावात येताना मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग ओलांडावा लागतो. त्या मार्गावर दुचाकींना मज्जाव असल्याने त्या कार्ले–कामशेतच्या जुन्या महामार्गाने धावतात. गावाच्या वर डोंगरात इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून कोरलेली २२ लेणी असून तेथे पायऱ्या चढून जावे लागते. वर लोहगड व विसापूर हे किल्ले आहेत. पावसाळ्यात पायऱ्या आणि कातळ शेवाळाने निसरडे होतात आणि नेमकी तेव्हाच येथे गर्दी असते.

आघाताच्या प्रकारावरून इजेचा अंदाज बांधता येतो. पायी चालणाऱ्याला मोटारीची धडक बाहेरच्या बाजूने बसली तर नडगीचा माथा त्या बाजूला फुटतो. बॉस्टनमधील डॉक्टरांनी १९२९ मध्ये मोटारीच्या धडकेने होणाऱ्या या अस्थिभंगाचे वर्णन केले. मोटारीत बसलेल्याचा गुडघा समोरच्या फळीवर आदळला तर वाटी फुटते किंवा मागचा स्वस्तिकबंध (गुडघ्यात फुलीसारख्या एकमेकांना छेदणाऱ्या दोन अस्थिबंधांपैकी मागचा) तुटतो. उंचावरून सरळ पायावर पडल्यास नडगीच्या माथ्याचे दोन्ही भाग फुटू शकतात. पायरीवर पाऊल अडकून गुडघा पिळवटला तर अस्थिबंध आपल्यासोबत हाडाची कपची उपटून आणतो. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना मात्र घरातले घसरणेही पुरते.

चित्रापूर्वीची तपासणी : पावलाची नाडी, बोटांची हालचाल व संवेदना, पोटरीचा ताठरपणा आणि कातडीवरील जखम या गोष्टी कोणत्याही चित्राआधी पाहायच्या असतात. घोट्याजवळच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी भरले तर रक्तवाहिन्यांचे सीटी चित्रण करतात. पाऊल थंड पडले असेल आणि हाड सरळ केल्यावरही नाडी लागत नसेल, तर चित्राची वाट न पाहता रुग्णाला थेट शस्त्रक्रियागृहात नेतात. रक्तपुरवठा सुमारे सहा तासांपेक्षा अधिक काळ बंद राहिला तर पाय गमावण्याचा धोका झपाट्याने वाढतो. पोटरीच्या स्नायूकोशांत दाब वाढल्याचे निदानही रुग्णाजवळ बसून करायचे असते. ते क्ष-किरण चित्रात किंवा सीटीत दिसत नाही.

क्ष-किरण चित्र : बोलीत ज्याला ‘फोटो काढणे’ म्हणतात ती ही पहिली पायरी. समोरून व बाजूने अशी दोन चित्रे आवश्यक असतात. तिरपी चित्रे शंकेच्या जागी काढतात. नडगीच्या माथ्याचा उतार लक्षात घेऊन किरण थोडे तिरके सोडले तर खचलेला भाग अधिक स्पष्ट दिसतो. रुग्णाला उताणे ठेवून बाजूने आडव्या किरणांनी चित्र घेतल्यास सांध्यात साचलेल्या रक्तावर मज्जेतील चरबीचा थर तरंगताना दिसू शकतो. मोडाची रेषा दिसत नसली तरी हा थर सांध्यापर्यंत पोचलेल्या अस्थिभंगाची खूण मानतात. मांडीच्या हाडाला जोराची इजा असेल तर खुब्यापर्यंत आणि नडगीला असेल तर घोट्यापर्यंतचे चित्र घेतात, कारण जोड-अस्थिभंग तेथे लपलेला असू शकतो.

प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याचे चित्र काढण्याची गरज नसते. कॅनडातील ओटावा येथे आखलेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार पाचांपैकी एक गोष्ट असली तरच ते काढावे : वय ५५ किंवा अधिक, केवळ वाटीवर दाबल्यास दुखणे, पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दुखणे, गुडघा ९० अंशांत न वाकणे, इजेनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे. वाटीच्या चित्रात एक चकवाही असतो. काहींची वाटी जन्मतः दोन भागांची असते; वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातला हा सुटा भाग गुळगुळीत कडांचा असतो, ताज्या तुकड्यासारखा खडबडीत नसतो.

सीटी स्कॅन : शस्त्रक्रियेचा आराखडा मुख्यतः यावर उभा राहतो. लंडनमध्ये १९७१ साली रुग्णावर प्रथम वापरल्या गेलेल्या या तंत्रासाठी गॉडफ्रे हाउन्सफिल्ड आणि ॲलन कॉर्मक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरण चित्रात पुढचे-मागचे तुकडे एकावर एक पडतात; सीटीच्या पातळ कापांतून ते सुटे होतात आणि गुडघा तिन्ही प्रतलांत पाहता येतो. मांडीच्या हाडाच्या फुगवट्याचा मागचा भाग उभ्या चिरेने सुटतो, त्या अस्थिभंगाला जर्मन शल्यवैद्य आल्बेर्ट होफा यांचे नाव आहे. समोरून काढलेल्या चित्रात तो सहज निसटतो आणि सीटीत सापडतो.

सीटी केव्हा काढावा यालाही महत्त्व आहे. तुकडे एकमेकांत घुसलेले आणि पाय आखूड झालेला असताना काढलेले चित्र गोंधळाचे असते. म्हणून जबर इजेत आधी मांडीत व नडगीत पिना घालून बाहेरच्या सांगाड्याने पाय ताणून धरतात. ताणामुळे बरेच तुकडे जागेवर येतात आणि जे येत नाहीत तेच सीटीत उठून दिसतात. पिना मोडापासून आणि पुढे प्लेट बसेल त्या जागेपासून दूर ठेवतात. सूज उतरून कातडीला सुरकुत्या येईपर्यंत अंतिम शस्त्रक्रिया थांबवावी लागते. ही प्रतीक्षा अनेकदा एक ते दोन आठवड्यांची असते आणि आराखडा याच काळात पक्का होतो.

वर्गीकरण : जोसेफ शात्झकर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये नडगीच्या माथ्याच्या अस्थिभंगांचे सहा प्रकार मांडले : बाहेरच्या बाजूची फक्त चीर, चीर व खचणे, फक्त खचणे, आतल्या बाजूचा अस्थिभंग, दोन्ही बाजूंचा अस्थिभंग आणि माथा नडगीच्या दांड्यापासून सुटणे. ही मांडणी क्ष-किरण चित्रावर आधारलेली होती, त्यामुळे मागच्या बाजूचे तुकडे तिच्यात बसत नव्हते. चिनी शल्यवैद्यांनी २०१० मध्ये सीटीवरून आतला, बाहेरचा आणि मागचा असे तीन स्तंभ कल्पिले. २०१८ मध्ये शात्झकर यांनी मौरिसिओ कफुरी यांच्यासह आपल्या मूळ वर्गीकरणालाही त्रिमितीची जोड दिली. तंत्र बदलल्यावर इजेची भाषाही कशी बदलते, त्याचे हे ठळक उदाहरण होय.

एमआरआय : अस्थिबंध, गाद्या, कूर्चा आणि हाडाच्या आतली सूज यांसाठी एमआरआय उपयोगी पडते. क्ष-किरण चित्र निर्दोष असूनही वेदना कायम असेल तर लपलेला अस्थिभंग तिच्यात सापडतो. पॉल सगाँ या फ्रेंच शल्यवैद्यांनी १८७९ मध्ये वर्णन केलेली नडगीच्या बाहेरच्या कडेची बारीक कपची दिसायला क्षुल्लक असते. पण तिच्यासोबत पुढचा स्वस्तिकबंध बहुधा तुटलेला असतो आणि एमआरआय ते दाखवते. लहान मुलांत वाढीच्या पट्टीची इजा आणि नडगीच्या मधल्या उंचवट्याचे उपटणे तपासण्यासाठीही तिचा उपयोग होतो. प्रत्येक अस्थिभंगात ती लागतेच असे नाही.

शस्त्रक्रियेचा आराखडा : तुकडा पुढे असेल तर रुग्ण उताणा, मागे असेल तर बहुधा पालथा किंवा कुशीवर घ्यावा लागतो, म्हणजे छेद, रुग्णाची स्थिती आणि प्लेटची जागा या तिन्ही गोष्टी चित्रावरून ठरतात. खचलेला पृष्ठभाग उचलल्यावर खाली राहणारी पोकळी भरण्यासाठी कमरेच्या हाडाचा किंवा कृत्रिम भराव लागेल का, हेही आधी कळते. सांध्यातील पायरी साधारण २ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये असा संकेत आहे. तरीही पायाचा आस आणि सांध्याची स्थिरता यांना तितकेच महत्त्व देतात. पायाची लांबी व वळण मोजायला दुसऱ्या, धडधाकट पायाचे चित्र नमुना म्हणून वापरतात. अवघड इजेत सीटीवरून हाडाची प्लॅस्टिकची प्रतिकृती छापून तिच्यावर प्लेट आधीच वाकवून पाहता येते.

मर्यादा : सीटीत किरणोत्सर्ग असतो, मात्र गुडघा धडातील नाजूक अवयवांपासून दूर असल्याने शरीरावरील एकूण परिणाम पोटाच्या सीटीपेक्षा पुष्कळ कमी असतो. धातूच्या प्लेट व स्क्रूमुळे नंतरची चित्रे डागाळतात, म्हणून मऊ ऊतींविषयीची शंका शस्त्रक्रियेआधी फेडून घेणे सोयीचे असते.

भाजे ते रुग्णालय : किल्ल्यावर किंवा कड्यावर अडकलेल्या जखमींना खाली आणण्याचे काम लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ ही संस्था करते. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे. पुढचा प्रवास तळेगाव दाभाडे, पिंपरी किंवा पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या दिशेने होतो आणि वाटेत रुग्णालय बदलावे लागू शकते. जखमीचा गुडघा आहे त्या स्थितीत फळीने बांधावा, चोळू किंवा ओढू नये, आणि पावलाचा रंग व उष्णता वाटेत पुन्हा पुन्हा पाहावी. पहिल्या रुग्णालयातील क्ष-किरण फिल्म आणि सीटीची सीडी रुग्णासोबतच पाठवावी. केवळ छापील अहवालावरून शस्त्रक्रियेचा आराखडा आखता येत नाही.