डांगरीचा डगला

रेल्वेच्या वर्कशॉपात, गोदीत किंवा गॅरेजमध्ये हात काळे केलेल्या माणसाला डांगरी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. जाड, निळी, अंगभर. तेल सांडलं तरी हळहळ वाटू नये अशी. शब्द इंग्रजीतून आला, हेही बहुतेकांना माहीत असतं. मी कामापुरता साधा डगला घरीच शिवायला घेतला, कापड कुठलं घ्यावं म्हणून जुन्या कोशांत शिरलो, आणि त्या शब्दाने मला थेट मुंबईच्या सँडहर्स्ट रोड स्टेशनाबाहेर आणून सोडलं. ‘डंगरी’ इंग्रजांनी तिथल्या डोंगरीवरून नेली, असं कोश म्हणतात, आणि कारखान्यांच्या वाटेने ती ‘डांगरी’ होऊन माहेरी आली.

कॅलिको कालिकतचं, जीन्स जिनोआची, डेनिम फ्रान्समधल्या नीमचं, हे सगळ्यांचं पाठ आहे. आपला मांजरपाट मूळचा आंध्रातल्या मादापोल्लमचा, हे त्यामानाने कमी जणांना ठाऊक. डोंगरीचं प्रकरण मात्र इतक्या सरळ मिटत नाही.

मोल्सवर्थ आपल्या मराठी कोशात सांगतो की डोंगरीच्या किल्ल्यालगतच्या वस्तीत जे गावठी कापड विकत, ते डोंगरी कापड. पुढे कुठल्याही हलक्या, स्वस्त सुताला तेच नाव पडलं. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशाच्या १९०३च्या आवृत्तीने हेच उचललं, आणि तेव्हापासून प्रत्येक जण तेच सांगतो. पण तारखा पाहा. ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान जॉन सॅरिस १६१३ साली मोलुक्का बेटांवर कापड देऊन लवंग घेत होता. त्याच्या भावांच्या यादीत ‘डोंगेरिज्न’ आहे! भडोचच्या ‘कंदकीन’ नावाच्या कापडाला सहा कॅटी (तिकडचं वजनाचं माप) लवंग, तर उत्तम डोंगरीला बारा. तागे लहानमोठे असतील हे धरूनही, हलक्या मालाचा हा भाव नव्हे. आणि १६१३ साली मुंबई पोर्तुगीजांकडे होती: माड, भातखाचरं आणि मासे. कंपनीच्या ताब्यात ती आली १६६८ साली, आणि विणकर आणून वसवण्याची खटपट त्यानंतरची. मोल्सवर्थच्या डोळ्यांसमोरचा किल्ला म्हणजे फोर्ट जॉर्ज. तो तर १७६९चा.

यावर उत्तर ठरलेलं असतं: किल्ला नंतरचा असेल, पण टेकडी होतीच, म्हणजे डोंगरी गावही होतं. कबूल. पण गाव असणं वेगळं आणि लवंगांच्या बेटांपर्यंत नाव पोचावं एवढी पेठ असणं वेगळं. शिवाय टेकडी तिथे डोंगरी. भाईंदरजवळ उत्तनकडेही एक आहेच. मद्रासकडच्या एका जुन्या शब्दसंग्रहात तेलुगू ‘दंगिडी’ हा शब्द मुंबईजवळच्या त्याच नावाच्या गावावरून आल्याचं नोंदवलं आहे. मला तो डोंगरीचाच तेलुगू कानांनी ऐकलेला उच्चार वाटतो. डांगरीतला ‘आ’ पाहून कुणाला गुजरातेतलं डांग आठवेल, ते सोडून द्यावं.

माझं मत असं: नाव गावाचं नाही, विशेषणाचं आहे. डोंगरी म्हणजे डोंगराकडचं, राकट. घाटावरून आणि आतल्या मुलखातून चौल, ठाणे, कल्याणच्या बंदरांत उतरणारं जाडंभरडं कापड ते डोंगरी. पुढे मुंबई वाढली, डोंगरीत बाजार बसला, आणि आधीच चालत असलेल्या नावाला हातासरशी पत्ता मिळाला. मोल्सवर्थने लिहून घेतला तो हा पत्ता.

हे कापड विणायचे कसे, तेही ‘हॉब्सन-जॉब्सन’च्या नोंदीत आहे. ताण्यात आणि बाण्यात दोन किंवा जास्त धागे जोडीने. डेनिमसारखी तिरकी वीण नाही. साधीच, पण दुहेरी. बारीक प्रत गरिबांच्या अंगावर, जाडी प्रत तंबूंना आणि देशी गलबतांच्या शिडांना. गोरा खलाशी या कापडाला भेटला तो शिडातच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सुई-दोरा त्याच्याकडे असेच. ब्रिटिश आरमारात साध्या खलाशाला गणवेश ठरवून मिळाला १८५७ साली. तोवर जहाजावर कापड विकत घ्यायचं आणि आपलं आपण शिवायचं, अशीही रीत होती. कपडे शिवण्या-सांधण्यासाठी दुपारची सुट्टी मिळे, तिचं नावच ‘मेक अँड मेंड’. हाताने, बोटीवर बसून शिवायचं तर बेत सरळच हवा.

तो बेत आजही चालतो. पाठ अखंड, पुढे दोन पल्ले, बाह्या म्हणजे दोन आयत, बगलेत चौकोनी तुकडा तिरपा बसवायचा म्हणजे हात वर केला तरी डगला वर चढत नाही. खिसे वरून लावलेले, शिवणीवर दोन-दोन टिपा. गोलाई फक्त गळ्याला.

कापडाच्या दुकानात ‘डंगरी’ मागाल तर समोर डेनिम येईल. जोडधाग्याच्या विणीला आपल्याकडे दोसुती म्हणतात. तीच मागा, जाडीतली जाडी. आणि कात्री लावण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, कारण कोरी दोसुती आटते.