अहिराणी कोणत्या कुळातली?

पाळी सुटली, की सातपूरच्या चहाच्या टपऱ्यांवर बागलाण, मालेगाव, धुळ्याकडची अहिराणी कानी पडते. ही मराठीची बोली, की स्वतंत्र भाषा? जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. खानदेशी मात्र त्यांनी १९०७च्या नवव्या खंडात भिल्ली भाषांच्या शेजारी ठेवली.

‘मना भाऊ गावमा शे’ हे वाक्य घ्या. ‘भाऊ’, ‘गाव’ आपलेच. पण ‘मा’ आणि ‘शे’ गुजरातीच्या ‘मां’, ‘छे’ यांच्याकडे झुकतात. शब्द चटकन उसने घेता येतात, प्रत्यय सहसा नाही. म्हणून कूळ ठरवताना अभ्यासक प्रत्ययांना अधिक मान देतात. तरीही मराठीचा एवढा जुना शेजार पुसता येत नाही, आणि वाद मिटत नाही.

२०११च्या जनगणनेत खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली गेली. बोलणारे सुमारे साडेअठरा लाख. माझी आई घरात अहिराणीच बोलायची. पण प्रगणक दारात आला, की मातृभाषा ‘मराठी’ सांगायची. अहिराणी सांगितली तर आपण अडाणी ठरू, असे तिला वाटे. पंडित कूळ कोणतेही ठरवोत, पुढच्या गणतीत मी ‘अहिराणी’ असेच सांगणार आहे.