दाताची कीड ते रूट कॅनॉल : दात वाचवण्याची गोष्ट

गटाच्या बैठकीत दातदुखीचा विषय निघाला की आम्हाला काही बोलणी हमखास ऐकू येतात. "कीड लागलीय, काढूनच टाकते एकदाचा." "रूट कॅनॉल नको बाई, लई दुखतं म्हणे." "वरचा दात काढला की नजर जाते." यातल्या बऱ्याच समजुती फार जुन्या आहेत. त्या कुठून आल्या आणि दात वाचवायची विद्या माणसाला कशी सापडली, ते आज पाहू. म्हणजे डॉक्टरांनी "काढायचा की ठेवायचा?" असं विचारलं, तर आपल्याला विचार करून उत्तर देता येईल.

आधी 'कीड' या शब्दाकडे बघू. दातात खरोखरच किडा शिरतो, असं हजारो वर्षं जगभर मानलं जायचं. आज जिथे इराक आहे, तिथल्या प्राचीन मातीच्या पाटीवर एक मंत्र आहे. त्यात देव किड्याला पिकलेलं अंजीर देऊ करतो, पण किडा ते नाकारतो आणि दात व हिरडीमधली जागा मागून घेतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'कृमिदंत' नावाचा रोग सांगितला आहे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन कीड पाडायची पद्धत आपल्यापैकी अनेकींनी ऐकली असेल. युरोपातही तशाच एका झाडाच्या बिया जाळून धुरी देत. 1597 साली जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतीजाणकाराने यातली लबाडी लिहून ठेवली. धुरी देणारे भोंदू लोक पाण्यात वाद्याच्या तारेचे बारीक तुकडे टाकत आणि "हे बघा किडे" म्हणून दाखवत.

पुढे 1728 मध्ये फ्रान्सच्या पियेर फोशार या दंतवैद्याने दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. सूक्ष्मदर्शकातून पाहूनही त्याला दातात किडे सापडले नाहीत. जास्त गोड खाण्याने दात बिघडतात, हेही त्याने सांगितलं. खरं कारण कळायला मात्र 1890 साल उजाडलं. मिलर नावाच्या दंतशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की तोंडातले जंतू गोड आणि पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजून खड्डा पडतो. म्हणजे आपण जिला कीड म्हणतो, ते या जंतूंचं काम आहे.

आता दात आतून कसा असतो ते पाहू. वर टणक पांढरं कवच, त्याखाली जरा मऊ थर आणि मधोमध पोकळी असते. त्या पोकळीत रक्तवाहिन्या आणि नसा असतात. तिथून बारीक नळ्या मुळाच्या टोकापर्यंत जातात. या नळ्यांनाच रूट कॅनॉल म्हणतात. खड्डा वरवर असेल तर नुसतं सिमेंट भरून भागतं. जंतू नसेपर्यंत पोचले की रात्री ठणका लागतो, गरम चहा सोसत नाही. पुढे नस मरते आणि ठणका थांबतो. इथेच अनेकींची फसगत होते. मिश्री लावली, लवंग धरली आणि बरं वाटलं असं आपण समजतो. पण मेलेल्या नसेत जंतू वाढतच राहतात आणि मुळाशी पू होतो.

पूर्वी अशा दाताला एकच उपाय होता, उपटणे. तो वाचवायची साधनं एकेक करत आली. 1838 मध्ये अमेरिकेच्या एडविन मेनार्ड यांनी घड्याळाची स्प्रिंग घासून बारीक हत्यार केलं आणि त्याने दाताची नळी साफ केली. आज डॉक्टर ज्या सुईसारख्या फाइली वापरतात, त्या याच कल्पनेतून पुढे आल्या. साफ केलेली नळी बंद कशाने करायची? त्याचं उत्तर मलायाच्या जंगलात मिळालं. तिथल्या एका झाडाचा चीक, गटापर्चा, गरम केला की मऊ होतो आणि थंड झाला की घट्ट बसतो. समुद्राखालून जाणाऱ्या तारेवर त्याचंच वेष्टन असायचं. 1867 मध्ये बोमन यांनी तो दाताच्या नळीत भरला. आजही बहुतेक ठिकाणी गटापर्चाच भरतात. 1895 मध्ये एक्स-रेचा शोध लागला आणि मुळं किती लांब आहेत हे दिसू लागलं. 1905 च्या सुमारास जागा बधिर करणारं नोव्होकेन आलं. 'रूट कॅनॉल लई दुखतं' ही भीती मुख्यतः त्याआधीच्या काळातली आहे. आज आधी इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. नंतर एक-दोन दिवस दुखरं वाटू शकतं.

या वाटेत एक मोठी चूकही झाली. 1910 साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडात भाषण करून, दुरुस्त केलेल्या दातांखालच्या घाणीमुळे शरीरभर आजार पसरतात असं सांगितलं. त्यानंतर कित्येक वर्षं सांधेदुखीपासून वेडापर्यंत कशासाठीही लोकांचे दात काढले गेले. दात गेले, पण आजार तसेच राहिले. मग नीट तपासण्या झाल्या आणि ती लाट ओसरली. 1965 मध्ये अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला. दातांना नसेपर्यंत भोक पाडल्यावर साध्या उंदरांची नस सडली. पूर्ण जंतुविरहित जागेत वाढवलेल्या उंदरांची नस मात्र जगली आणि भोकावर नवा थर धरू लागला. म्हणजे खरा शत्रू जंतूच. नळी नीट साफ करून घट्ट बंद केली तर दात टिकू शकतो. नजरेचं म्हणाल तर बघण्याची नस वेगळी असते. दात काढल्याने दृष्टी जात नाही.

मैत्रिणींनो, गटातून आपण शेळीसाठी, बियाण्यासाठी, लेकरांच्या फीसाठी कर्ज उचलतो. स्वतःच्या दाताची पाळी आली की "काढून टाका" म्हणतो, कारण काढणं स्वस्त पडतं. पण दाढ गेली की भाकरी चावायची पंचाईत होते आणि शेजारचे दात त्या जागेत कलतात. म्हणून डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. दात वाचण्यासारखा आहे का? किती वेळा यावं लागेल? टोपीसकट एकूण खर्च किती? नंतर काय काळजी घ्यायची? टोपीचं विसरू नका, कारण रूट कॅनॉल केलेली दाढ ठिसूळ होऊन फुटू शकते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे खर्च कमी येतो. मधुमेह असेल किंवा दिवस गेले असतील तर आधीच सांगा. फार हलणारा किंवा मुळापर्यंत चिरलेला दात बहुधा काढावा लागतो, त्यात कमीपणा नाही.

आणि गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत हजेरी घेताना एकमेकींना एवढंच विचारूया, "दात दुखतोय का गं कुणाचा?"