सेकंद टिपणारी घड्याळे : जुनी आणि नवी

श्रोतेहो, घड्याळ हा इतिहासाचा विषय कसा, असे कोणी विचारील. इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. पण माणसाने घडवलेली प्रत्येक वस्तू हाही इतिहासाचा एक कागदच असतो. तो वाचता आला पाहिजे, इतकेच. आज आपण क्रोनोग्राफ नावाच्या मनगटी घड्याळाचा विचार करू. एकाच कारखान्याचे नवे घड्याळ जवळजवळ सर्व गुणांत सरस असते, आणि तरी जुन्याला कधीकधी त्याच्या कित्येक पट किंमत येते. असे का व्हावे?

प्रथम क्रोनोग्राफ म्हणजे काय ते पाहू. पूर्वी लग्नाच्या मुहूर्ताला जोशीबुवा पाण्याच्या घंगाळात घटिकापात्र सोडून बसत. तळाला बारीक भोक असलेली ती वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली. आता किती वाजले, हे ती वाटी सांगत नसे. सोडल्यापासून किती वेळ गेला, एवढेच सांगे. क्रोनोग्राफ दोन्ही कामे करतो. तास-मिनिटे नेहमीसारखी चालूच असतात. बाजूची कळ दाबली की मधला लांब काटा धावू लागतो, पुन्हा दाबली की थांबतो, आणि दुसरी कळ दाबली की शून्यावर परत येतो.

क्रोनोग्राफ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘काळ लिहिणारा’. १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत रिउसेक नावाच्या घड्याळजीने जे यंत्र वापरले, ते खरोखरच लिहीत असे. घोडा रेषा ओलांडताच त्याच्या तबकडीवर शाईचा ठिपका पडे. पुढे शाई गेली, नाव तेवढे राहिले.

आता जुने आणि नवे शेजारी-शेजारी ठेवू. स्वित्झर्लंडच्या रोलेक्स कंपनीने मोटारशर्यती करणाऱ्यांसाठी १९६३ साली एक क्रोनोग्राफ काढला. तो पुढे ‘डेटोना’ या नावाने गाजला. त्याला रोज चावी द्यावी लागे. आतले यंत्र रोलेक्सचे स्वतःचे नव्हते. वालजू या दुसऱ्या स्विस कारखान्याचे यंत्र सुधारून बसवलेले होते. कळा साध्या असल्यामुळे पाण्याची भीती असे. २००० साली आलेल्या डेटोनात कंपनीचे स्वतःचे यंत्र आले. मनगटाच्या हालचालीने त्याला आपोआप चावी बसते, काढून ठेवले तरी ते सुमारे बहात्तर तास चालते, आणि शंभर मीटर खोल पाण्यातही टिकते. वेळ पाहण्यासाठीच घड्याळ घ्यायचे असेल, तर नवेच घ्यावे, यात वाद नाही.

पण बाजाराचा न्याय निराळा. जुना डेटोना त्याच्या काळात फारसा खपत नसे. त्यातला एक विशेष तबकडीचा प्रकार तर दुकानांत पडून राही. असे एक घड्याळ अमेरिकन नट पॉल न्यूमन याला त्याच्या पत्नीने भेट दिले. नवरा मोटारशर्यतींत भाग घेणारा. म्हणून ‘गाडी जपून चालव’ असे शब्द तिने घड्याळाच्या पाठीवर कोरून घेतले होते. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्या घड्याळाला एक कोटी सत्याहत्तर लाख बावन्न हजार पाचशे डॉलर आले. यात पोलादाचे किती आणि यंत्राचे किती? जवळजवळ काहीच नाही. किंमत आली ती त्या घड्याळाने पाहिलेल्या आयुष्याला.

श्रोतेहो, आज ज्याला मोल आहे ते काल मोडीत निघत होते, याचे याहून बोलके उदाहरण झेनिथ कारखान्याचे आहे. जानेवारी १९६९ मध्ये या कारखान्याने ‘एल प्रिमेरो’ नावाचा आपोआप चावी बसणारा क्रोनोग्राफ जाहीर केला. त्याचे चक्र तासाला ३६,००० ठोके देई, म्हणजे सेकंदाला दहा. त्यामुळे सेकंदाचा दहावा भाग मोजता येई. पण त्याच वर्षी २५ डिसेंबरला जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झचे, विजेरीवर चालणारे मनगटी घड्याळ विक्रीला आणले. पुढे अशी घड्याळे स्वस्त झाली आणि स्विस कारखान्यांवर अवकळा आली. हजारो कारागिरांचा रोजगार गेला. झेनिथची मालकी तेव्हा शिकागोच्या एका कंपनीकडे होती. १९७५ मध्ये वरून हुकूम आला, की चावीच्या घड्याळांचे काम बंद करा आणि अवजारे मोडीत काढा.

शार्ल व्हेर्मो नावाच्या एका कारागिराला हे पटले नाही. त्याने मालकांना विनवले, उपयोग झाला नाही. तेव्हा त्याने साचे, हत्यारे आणि नकाशे गुपचूप कारखान्याच्या माळ्यावर नेऊन लपवले, आणि कोणते हत्यार कुठे लागते याच्या नोंदी लिहून ठेवल्या. दहाएक वर्षांनी दिवस पालटले आणि त्या सामानाच्या जोरावर एल प्रिमेरो पुन्हा तयार होऊ लागला. १९८८ साली रोलेक्सने आपल्या नव्या डेटोनासाठी यंत्र घेतले, ते हेच. फक्त त्याची गती सेकंदाला आठ ठोक्यांवर आणली. आज ज्या घड्याळांसाठी लोक रांगा लावतात, त्यांच्या वंशावळीत त्या माळ्याचा वाटा आहे.

मात्र जुने म्हणजे सोनेच, असेही समजू नका. ओमेगा कंपनीचा ‘स्पीडमास्टर’ १९५७ मध्ये निघाला आणि जुलै १९६९ मध्ये माणसाबरोबर चंद्रावर जाऊन आला. त्याच्या पहिल्या मालिकेतले म्हणून एक घड्याळ २०२१ साली जिनिव्हात तीस लाख स्विस फ्रँकांच्या वर विकले गेले. घेणारी खुद्द ओमेगाच, आपल्या संग्रहालयासाठी! आणि २०२३ मध्ये उघड झाले, की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेले होते. बनावट सनद जशी खऱ्या कागदावर खऱ्या शाईने लिहिता येते, तसाच हा प्रकार. नव्याचाही भरवसा धरू नये. २०२२ च्या आरंभी नव्या डेटोनाचे बाजारातले भाव कंपनीच्या किमतीच्या दुपटीवर गेले होते, ते त्याच वर्षी उतरू लागले. नफ्याच्या आशेने घड्याळ घेणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

जाणकार संग्राहक मग काय पाहतो? तबकडी मूळची आहे का, काटे त्याच सालचे आहेत का, कडा घासून गुळगुळीत तर केलेल्या नाहीत ना, विक्रीची पावती आहे का. ऊन्हाने विटलेली मूळ तबकडी त्याला चकचकीत नव्या तबकडीपेक्षा प्रिय असते. आपण इतिहासाचे लोक जुन्या कागदाला हेच प्रश्न विचारतो : मूळ आहे का, कुणी खाडाखोड केली का, तो इथवर कसा आला?

ही लाखांची घड्याळे आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला यायची नाहीत, आणि त्याचे वाईट वाटण्याचे कारणही नाही. पण घरात आजोबांचे बंद पडलेले घड्याळ, जुना अडकित्ता, वहीखाते असे काहीतरी असतेच. ते घासूनपुसून नवे करण्यापूर्वी किंवा भंगारवाल्याला देण्यापूर्वी, ते कुणाचे, कधीचे, कुणी दिलेले, हे एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याबरोबर ठेवा. शिक्षकांनी मुलांना एकदा अशी एकेक वस्तू तिच्या माहितीसह वर्गात आणायला सांगावी. व्हेर्मोने हत्यारे तर वाचवलीच, पण त्यांच्याबरोबर नोंदीही ठेवल्या, म्हणूनच ती पुढच्यांच्या कामी आली.