मुक्या यंत्राला बोलते करणारी तार : कर्नेल, बूट आणि पुणे

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जत स्थानकात थांबते तेव्हा प्रवाशांचे लक्ष वडापावाकडे असते. गाडीच्या शेपटाशी मात्र निराळेच काम चाललेले असते. तिथे मागून बँकर इंजिने जोडली जातात. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्यावरचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र आहे आणि एकट्या इंजिनाला तो झेपत नाही. मागून रेटा मिळतो, गाडी वर चढते, आणि घाट संपल्यावर बँकरचे काम संपते.

शेजारच्या खालापूर तालुक्यात खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून मुंबईला वीज देऊ लागले. अशा मोठ्या जनित्रांचीही एक अडचण असते. त्यांच्या विद्युतचुंबकांना आधी थोडी वीज पुरवावी लागते, मगच ती स्वतः वीज निर्माण करू शकतात. वीज करण्यासाठी वीज हवी.

संगणकाची अडचण नेमकी याच जातीची आहे, आणि तिचे नावही त्यावरूनच पडले. स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःलाच वर उचलावे, अशा अर्थाचा एक इंग्रजी वाक्प्रचार आहे. त्यातून ‘बूटस्ट्रॅप’ आणि पुढे नुसते ‘बूट’ हा शब्द रूढ झाला. वीज लावली की संगणकाची स्मृती रिकामी असते. डिस्कवरून प्रणाली वाचून घेणारा प्रोग्राम हवा, तर तोही डिस्कवरच पडलेला! पीडीपी-११ सारख्या यंत्रांच्या सुरुवातीच्या काळात चालक दर्शनी फळीवरच्या कळा वरखाली करून पहिल्या काही आज्ञा हाताने भरत असे. नंतर हे काम कायमस्वरूपी स्मृतीतल्या छोट्या प्रोग्रामकडे गेले. वैयक्तिक संगणकावर पूर्वी तो डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचत असे, ते बाइट पुढचा भाग वाचत, आणि अखेरीस कर्नेल स्मृतीत येई. (हा कर्नेल लष्करातला कर्नल नव्हे, फळातल्या गराला किंवा गाभ्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तो हा.) प्रोसेसर, स्मृती, डिस्क, पडदा या साऱ्यांचा कारभार त्याच्या हाती असतो. तो एकदा उभा राहिला की बँकर सुटले.

पण तो उभाच राहिला नाही तर? या प्रश्नाचा इतिहास मोठा रंजक आहे आणि त्यातले एक महत्त्वाचे पान पुण्यात लिहिले गेले.

लिनस टॉरव्हाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्स जगापुढे ठेवला तेव्हा मूळ फाइल सिस्टिम कोणत्या डिस्कवर आहे हे कर्नेल बांधतानाच त्यात कोरलेले असे. दुसऱ्याच्या यंत्रावर ती डिस्क वेगळ्या क्रमांकाची निघाली की सगळे ठप्प. स्वतःचा कर्नेल स्वतः बांधणे ही तेव्हा हौस नव्हती, गरज होती. स्मृती अवघी चार-आठ मेगाबाइट. तिच्यात नको असलेल्या उपकरणांचे ड्रायव्हर कशाला ठेवायचे? १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी भारतात घरोघरी पोहोचू लागल्या आणि इथल्या विद्यार्थ्यांनीही तोच उद्योग आरंभला. रात्री कर्नेल बांधायला लावायचा आणि सकाळी उठून पाहायचे.

सकाळी काय दिसे? वेर्नर आल्मेसबर्गर याने लिहिलेला लिलो हा बूटलोडर आपल्या नावाची चार इंग्रजी अक्षरे एकेक करून पडद्यावर काढी, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक टप्पा पार पडल्याची खूण असे. नुसता ‘एल’ उमटून थांबला, तर पहिला भाग आला पण दुसरा वाचता आला नाही. ‘एल-आय’ वर थांबला, तर दुसरा भाग आला पण चालवता आला नाही. मरणाऱ्याने अर्धवट शब्द उच्चारावा आणि भोवतालच्यांनी त्यावरून अर्थ लावावा, तसला हा प्रकार. त्या काळच्या साधनांत इतकी प्रामाणिक रचना विरळाच.

लिलोची एक खोड मात्र अनेकांना भोवली. त्याला फाइल सिस्टिम कळत नसे. कर्नेलची फाइल डिस्कवर कोणकोणत्या जागी पसरली आहे, याचा नकाशा तो आधीच नोंदवून ठेवी. नवा कर्नेल बांधून जुन्याच्या जागी ठेवला आणि लिलो पुन्हा चालवायचा राहिला, की नकाशा जुना आणि घर हललेले. फाइल डोळ्यांना दिसते, नावही तेच, तरी यंत्र उठत नाही. जाणते लोक म्हणूनच जुना, चालता कर्नेल कधी पुसत नसत. यादीत त्याला वेगळ्या नावाने जपून ठेवत. पुढे ग्रब आला. त्याला फाइल सिस्टिम वाचता येत असल्याने ही विशिष्ट चूक मागे पडली.

दुसरी चूक याहून कुप्रसिद्ध. कर्नेल स्मृतीत येतो, भराभर ओळी सरकतात, आणि शेवटी ‘कर्नेल पॅनिक’ अशी ओळ येऊन सारे गोठते : मूळ फाइल सिस्टिम जोडता आली नाही. बहुतेक वेळा कारण साधे असे. डिस्कच्या नियंत्रकाचा किंवा फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर कर्नेलच्या पोटात न घालता मॉड्यूल म्हणून वेगळा बांधलेला असे, आणि ते मॉड्यूल असे त्याच डिस्कवर. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. यावर आल्मेसबर्गर आणि हान्स लेर्मेन यांनी १९९६ च्या सुमारास तोड काढली. बूटलोडरने कर्नेलबरोबरच एक छोटी तात्पुरती डिस्क थेट स्मृतीत आणून ठेवायची, लागणारी मॉड्यूल तीत असायची, आणि खरी डिस्क उघडली की तिचे काम संपायचे. तिला ‘इनिटआरडी’ म्हणतात. हा पुन्हा बँकरच; फक्त तो जोडायला विसरले, की गाडी कर्जतलाच उभी.

डिसेंबर २००३ मध्ये लिनक्स २.६ आला आणि एका नव्या गोंधळाची भर पडली. कर्नेल बांधताना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची मांडणी बदलली होती. जुनी उत्तरे तशीच पुढे नेणाऱ्यांकडून कळफलक आणि पडदा यांचे पर्याय निवडायचे राहून जात. कर्नेल उलगडल्याची ओळ दिसे, आणि पुढे काळा पडदा. यातली चेष्टा अशी, की पुष्कळदा यंत्र उत्तम चालू असे. फक्त त्याला बोलायला तोंड दिलेले नसे.

इथेच साऱ्या समस्येचे मूळ आहे. साधा प्रोग्राम कोसळला तर कर्नेल जिवंत असतो आणि तो पंचनामा करतो. कर्नेलच कोसळला तर पंचनामा कोणी करायचा? डिस्कवर नोंद करावी, तर डिस्क अजून जोडलेली नाही. उरतो तो पडद्यावरचा ‘ऊप्स’ नावाचा मजकूर, म्हणजे आकड्यांच्या ओळी. त्या लोक कागदावर हाताने उतरवून घेत, आणि दुसऱ्या प्रोग्रामच्या मदतीने त्या आकड्यांवरून फंक्शनांची नावे शोधत. एक अंक चुकला की तपास भलत्याच दिशेला. मग सीरियल तारेचा मार्ग आला. मरणाऱ्या यंत्राच्या पाठीमागच्या पोर्टातून एक तार शेजारच्या निरोगी यंत्रात न्यायची. पहिल्याने जे बोलायचे ते तारेवर बोलायचे, दुसऱ्याने ते टिपून घ्यायचे. पण तारेवरूनही ऐकता येई तेवढेच. प्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

ती सोय केजीडीबी या साधनाने केली. त्याचे मूळ बीज अमेरिकेतले. डेव्हिड ग्रोथ, टिग्रान आयवाझियान यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. २००० च्या सुमारास ते अमित काळे यांच्या हाती आले. ते तेव्हा व्हेरिटास सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि पुण्यात त्या कंपनीचे मोठे विकासकेंद्र होते. व्हेरिटासचा व्यवसायच फाइल सिस्टिम आणि डिस्क-व्यवस्थापनाचा. अशा कामात झालेली चूक कर्नेलच्या पोटात घडते आणि साऱ्या यंत्राला घेऊन बुडते. पुढे पुण्यातच लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीमार्फत काळे यांनी हे काम चालू ठेवले.

केजीडीबीला दोन यंत्रे लागतात. एकावर कर्नेलचा स्रोत असतो आणि तिथेच तो बांधला जातो. दुसऱ्यावर तो चालवून पाहतात. मध्ये तार. बूटच्या ओळीत एक पर्याय लिहिला, की चाचणीचे यंत्र सुरुवातीलाच थांबते आणि तारेकडे कान लावून बसते. मग पहिल्या यंत्रावर बसलेला माणूस त्याला हवे तिथे अडवतो. समजा, फाइल सिस्टिम जोडणाऱ्या फंक्शनाशी त्याने कर्नेल थांबवला. आता कोणता डिस्क क्रमांक पुढे आला आहे, तो शून्य का आहे, हे तो विचारू शकतो, एकेक ओळ पुढे सरकवू शकतो. अगदी आरंभी, तार ओळखण्यापूर्वीच कर्नेल मेला, तर मात्र हे साधनही हतबल. शिवाय यात एक विनोद दडलेला होता. केजीडीबी मूळ कर्नेलमध्ये नसल्याने त्याचे पॅच लावून कर्नेल पुन्हा बांधावा लागे. म्हणजे स्वतः बांधलेला कर्नेल का उठत नाही हे पाहण्यासाठी आधी आणखी एक स्वतः बांधलेला कर्नेल उठवावा लागे.

ते मूळ कर्नेलमध्ये का नव्हते? कारण टॉरव्हाल्ड्सचा त्याला विरोध होता. सप्टेंबर २००० मध्ये त्याने आपली भूमिका कोणतीही भीड न ठेवता मांडली. डीबगर हाती आला की माणूस लक्षण दूर करतो आणि कारणाचा विचार सोडून देतो. स्रोत वाचून, डोके चालवून चूक शोधणारेच त्याला हवे होते. हा युक्तिवाद पोकळ नाही. काही चुका डीबगर लावताच नाहीशा होतात, कारण यंत्राचा वेगच बदलतो, आणि अशा वेळी विचाराला पर्याय नसतो.

परंतु त्या भूमिकेत एक गृहीत दडलेले होते. ज्याने कर्नेल स्वतः लिहिला, किंवा जो वर्षानुवर्षे त्याच्या सहवासात वाढला, त्याला स्रोत वाचून चूक दिसते. दुसऱ्याच्या कर्नेलमध्ये आपला एक भाग बसवणाऱ्या, मूळ लेखकांपासून हजारो मैल दूर असलेल्या अभियंत्याला ती कुठून दिसणार? त्याला आत डोकावण्याची खिडकीच हवी. पुण्यातले काम या दुसऱ्या प्रकारच्या माणसांच्या उपयोगाचे होते, आणि म्हणूनच विरोध असूनही केजीडीबीला वापरणारे मिळत राहिले.

ते टिकवणे सोपे नव्हते. कर्नेलची दर नवी आवृत्ती आली की पॅच जिथे तिथे बसेनासा होई आणि पुन्हा शिवावा लागे. जॉर्ज अँझिंगर यांची केजीडीबीची निराळी आवृत्ती अँड्र्यू मॉर्टन यांच्या प्रायोगिक कर्नेलमध्ये होती. काळे यांची वेगळी होती. २००४ मध्ये टॉम रिनी, पावेल माखेक आणि काळे यांच्या प्रयत्नांतून एक सुटसुटीत आवृत्ती आकाराला येऊ लागली. याच सुमारास आयबीएमच्या बेंगळुरूतल्या अभियंत्यांनी केडंपवर काम केले. त्यात कोसळणारा कर्नेल मरतामरता आधीच राखून ठेवलेला दुसरा छोटा कर्नेल उठवतो आणि तो पहिल्याच्या स्मृतीची नोंद करतो. हेही साधन बूट पूर्ण झाल्यावरच उपयोगी, पण मुक्या मरणाविरुद्धची लढाई तीच.

अखेर इन्गो मोल्नार यांनी काटछाट करून मूळ कर्नेलला कमीत कमी धक्का लावणारी आवृत्ती पुढे ठेवली, विंड रिव्हरचे जेसन वेसल यांनी तिची जबाबदारी घेतली, आणि १३ जुलै २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या २.६.२६ मध्ये केजीडीबी अधिकृत झाले. टॉरव्हाल्ड्सचे मत बदलले असे म्हणता येणार नाही. त्याने वाट अडवली नाही, इतकेच. २०१० मध्ये २.६.३५ बरोबर केडीबीही आत आला आणि त्याच यंत्राच्या कळफलकावरून प्रश्न विचारणे शक्य झाले.

आजच्या लिनक्सच्या स्रोतात डीबग विभागाच्या मुख्य फाइलीच्या माथ्यावर हक्कधारकांची यादी आहे. तीत २०००–२००१ पुढे व्हेरिटास, २००३–२००४ पुढे अमित काळे आणि २००४–२००६ पुढे लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज यांच्या नावाच्या ओळी आहेत. खाली ग्रोथ आणि आयवाझियान यांचा मूळ कर्ते म्हणून उल्लेख आहे. लिनक्सचा संपूर्ण स्रोत जो कोणी उतरवून घेतो, त्याच्या डिस्कवर या ओळीही उतरतात.