नाव नसलेला जीव : 'फ्रँकेन्स्टाईन' बोलपटांतील बहिष्कृताची घडण

फ्रँकेन्स्टाईन हे नाव इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. परंतु ते नाव नेमके कोणाचे असा प्रश्न केला, तर पुष्कळांचे उत्तर चुकते. मेरी शेली हिच्या कादंबरीत ते एका तरुण शास्त्राभ्यासकाचे नाव आहे. त्याने प्रेतांचे अवयव जुळवून जो जीव निर्माण केला, त्याला लेखिकेने नावच दिलेले नाही. लोकांनी मात्र जनकाचे नाव त्या जीवाला चिकटविले, आणि ही चूक आता इतकी रुळली आहे की इंग्रजी शब्दकोशांनाही तिची नोंद घ्यावी लागली. मराठी लेखनात अशा प्रसंगी 'भस्मासुर' हा शब्द सर्रास योजिला जातो. तो सोयीचा खरा. पण त्यामुळे कथेचे मर्म हरवते. भस्मासुराला नाव होते, तपश्चर्येचे बळ होते आणि प्रत्यक्ष शंकराचा वर होता. त्याला कोणी दारातून हाकलून दिले नव्हते. फ्रँकेन्स्टाईनच्या जीवाचे बारसेच झाले नाही, आणि त्याची सारी कहाणी ह्या एका उणिवेतून उद्भवते.

अमेरिकेतील युनिव्हर्सल कंपनीने ह्या कथेवर १९३१ साली एक बोलपट काढला आणि १९३५ साली त्याचा उत्तरार्ध काढला. दोहोंचे दिग्दर्शन जेम्स व्हेल याने केले आणि दोहोंत जीवाची भूमिका बोरिस कार्लोफ याने केली. तरीही 'हा असा का झाला?' ह्या प्रश्नाला दोन्ही बोलपटांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. ही विसंगती पटकथाकारांच्या निष्काळजीपणाची म्हणून सोडून देता येत नाही. तिच्यामागे एका जुन्या वादाचा इतिहास आहे.

कादंबरीचा आरंभ १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी झाला आणि १ जानेवारी १८१८ रोजी ती लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. तिच्या मध्यभागी कित्येक प्रकरणे तो जीव स्वतः बोलतो, हे तिचे मोठे वैशिष्ट्य होय. जन्मक्षणीच जनकाने पाठ फिरविल्यावर तो रानोमाळ भटकतो, आणि एका झोपडीलगतच्या आडोशाला राहून भिंतीच्या फटीतून डी लेसी कुटुंबाचे जीवन न्याहाळतो. त्यांच्या तोंडून तो भाषा शिकतो. मिल्टन, प्लुटार्क आणि गटे यांचे ग्रंथ वाचतो. रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडे तोडून ठेवतो. ह्याच काळात एके दिवशी तो पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहतो. ह्या क्रमाकडे अवश्य लक्ष द्यावयास हवे. तो स्वतःला पाहतो तेव्हा झोपडीतील सुंदर माणसे त्याच्या डोळ्यांत आधीच भरलेली असतात, आणि गावकऱ्यांचे दगडही त्याने त्यापूर्वीच खाल्लेले असतात. तेव्हा पाण्यात तो जे पाहतो ते केवळ आपले मुख नव्हे; इतरांच्या नजरेने पाहिलेले आपले मुख होय. पुढे अंध वृद्धाशी तो धीर करून बोलतो आणि वृद्ध त्याचे ममतेने ऐकतो. तोच डोळस मुलगा येऊन त्याला काठीने झोडपतो. बुडत्या मुलीला वाचविल्याबद्दल त्याला गोळी मिळते. पहिला खून त्यानंतरचा आहे. आपण मुळात भले होतो, दुःखाने आपल्याला दुष्ट केले, असा त्याचा दावा आहे. तो संपूर्ण खरा मानावा असे लेखिका कोठेही म्हणत नाही. परंतु तो मांडण्याची संधी मात्र ती त्याला देते.

रंगभूमीने ती संधी काढून घेतली. १८२३ साली रिचर्ड ब्रिन्स्ली पीक याने लंडनमध्ये ह्या कथेचे नाटक केले, त्यात टी. पी. कुक ह्या नटाचा जीव मुका होता. जाहिरातीच्या पत्रकावर पात्राच्या नावाच्या जागी नुसती रेघ छापलेली होती. मेरी शेलीने तो प्रयोग पाहिला आणि रेघेची कल्पना तिला आवडली. मुकेपणाचे परिणाम मात्र दूरवर गेले. वाचा गेली म्हणजे केवळ संवाद गेले असे नव्हे. आपल्यावर काय बेतले हे सांगणारा एकमेव साक्षीदार गेला. बहिष्कारापासून खुनापर्यंतची वाट त्याच्याच तोंडून कळत होती. ती पुसली गेल्यावर खून तेवढा उरला, आणि त्याचे कारण दुसरीकडे शोधणे भाग पडले.

१९३१ च्या बोलपटाने ते कारण एका काचेच्या बरणीत ठेवले. विद्यालयात वॉल्डमन हा प्राध्यापक एक निरोगी आणि एक गुन्हेगाराचा मेंदू शेजारी ठेवून त्यांतील भेद विद्यार्थ्यांस समजावून देतो. रात्री फ्रँकेन्स्टाईनचा कुबडा साहाय्यक फ्रिट्झ चोरी करावयास येतो; चांगल्या मेंदूची बरणी त्याच्या हातून फुटते आणि 'विकृत' अशी चिठ्ठी लावलेली दुसरी बरणी तो घेऊन जातो. कादंबरीत ह्या प्रसंगाचा मागमूसही नाही. त्याच्या योगाने प्रश्नच बदलतो. जीव दुष्ट झाला नाही, तो तसाच जन्मला. गावाने त्याला कसे वागविले ही बाब मग गौण ठरते.

ही कल्पना पटकथाकारांनी शून्यातून काढलेली नव्हती. इटलीतील चेझारे लोम्ब्रोसो याने १८७६ साली कवटीच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखण्याचे शास्त्र मांडले होते. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मंदबुद्धी' ठरविलेल्या व्यक्तींचे सक्तीने निर्बीजीकरण करण्याचा व्हर्जिनिया राज्याचा कायदा वैध मानला. आपल्याकडे तर हा विचार त्याहूनही आधी कायद्याच्या पुस्तकात आला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली आणि सोलापुरास तारेच्या कुंपणातील वसाहत उभी राहिली. मुंबई प्रांताने तो कायदा १९४९ साली रद्द केला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. कायदा गेला तरी चिठ्ठी राहिली. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव द्यावे, म्हणजे जगाने दिलेले दूषणच मुखपृष्ठावर धरावे, ह्यात त्या चिठ्ठीचा सारा इतिहास आहे. ज्या वाचकाला हा इतिहास ठाऊक आहे, त्याला फ्रिट्झच्या हातातील बरणी केवळ भयकथेतील युक्ती वाटणार नाही.

परंतु चित्रपट पटकथेच्या शब्दांनी जे सांगतो ते त्याची चित्रे सांगतातच असे नाही, आणि १९३१ च्या बोलपटाचे थोरपण ह्या तफावतीतच आहे. जीव पहिल्याने दिसतो तो प्रसंग पहावा. तो दारातून पाठमोरा आत येतो आणि सावकाश वळतो. फ्रँकेन्स्टाईन त्याला बसवितो व छताची खिडकी उघडतो. वरून प्रकाश पडताच तो उठून दोन्ही हात वर करतो, जणू प्रकाश ही हाताने धरावयाची वस्तू आहे. खिडकी बंद होते. तो रिकामे हात जनकापुढे पसरतो. इतक्यात फ्रिट्झ जळती मशाल घेऊन आत शिरतो. जीव भ्यायल्याने धडपडतो, त्या धडपडीचा अर्थ हल्ला असा घेतला जातो, आणि पुढच्या दृश्यात तो तळघरात साखळदंडाने जखडलेला आहे. तेथे फ्रिट्झ त्याला चाबूक आणि मशाल दाखवून छळतो. पहिला बळी पडतो तो फ्रिट्झ. येथवर विकृत मेंदूने काय केले? काहीच नाही. प्रत्येक कृत्याचे कारण पडद्यावर आधी स्वच्छ दिसलेले असते. मेंदूची गोष्ट पात्रे एकमेकांस सांगतात; प्रेक्षकाचे डोळे त्यांना पुष्टी देत नाहीत.

तळ्याकाठच्या मारिया ह्या लहान मुलीचा प्रसंग अधिक बोलका आहे. ह्या बोलपटात त्याला पाहून न घाबरणारी ती एकटीच. ती त्याचा हात धरते, त्याला फुले देते, आणि दोघे ती पाण्यावर तरंगत सोडतात. हातातील फुले संपल्यावर तीही फुलासारखी तरंगेल अशा समजुतीने तो तिला उचलून पाण्यात टाकतो, आणि ती वर येत नाही असे पाहून घाबरून पळतो. हे दृश्य अनेक ठिकाणी असह्य ठरून कापले गेले. कापलेल्या प्रतीत जीव मुलीकडे हात नेतो तेथेच प्रसंग तुटत असे, आणि पुढे बाप तिचे कलेवर हातांवर घेऊन लग्नसमारंभाने नटलेल्या गावातून चालताना दिसे. मधल्या काळात काय घडले ते प्रेक्षकाने मनाने भरावयाचे, आणि मन वाईटच भरते. निष्पाप अज्ञानातून झालेला मृत्यू अशा रीतीने हेतुपुरस्सर केलेले घोर कृत्य बनला. हे तुकडे १९८० नंतरच्या दशकात पुन्हा जोडले गेले. म्हणजे सुमारे अर्धशतक ह्या जीवावरील आरोपपत्रात कात्रीनेही एक कलम वाढविले होते.

श्रेयनामावलीचीही एक कथा आहे. बोलपटाच्या आरंभी जीवाच्या नटापुढे केवळ प्रश्नचिन्ह आहे. १८२३ च्या रेघेचीच ती परंपरा. कार्लोफचे नाव अखेरीस येते, आणि तेही धारण केलेले. त्याचे जन्मनाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडनचा, १८८७ सालचा. घराण्याची मुळे मात्र हिंदुस्थानात होती. त्याच्या आईची मावशी ॲना लिओनोवेन्स ही सयामच्या राजवाड्यातील शिक्षिका म्हणून जगप्रसिद्ध झाली. ती १८३१ साली अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, जन्मली होती, आणि जगाला मात्र आपला जन्म वेल्समधला असल्याचे सांगत राहिली. ह्यावरून कार्लोफच्या अभिनयाचा उलगडा करू पाहणे उतावीळपणाचे होईल. तथापि ज्या घराण्यात मूळ लपविण्याची सवय होती त्याच घराण्यातील नटाकडे ही भूमिका यावी, हा योगायोग नोंदण्याजोगा खास आहे.

१९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन' मध्ये व्हेलने जीवाला वाचा परत दिली. कार्लोफला ते पसंत नव्हते. ह्या एका बाबतीत नटापेक्षा दिग्दर्शकाचा निर्णय योग्य ठरला. विकृत मेंदूचा मुद्दा येथे जवळजवळ गळून पडतो आणि कादंबरीतील प्रसंग एकेक करून परततात : पाण्यातील प्रतिबिंब, बुडता बुडता वाचविलेली मेंढपाळीण, तिची किंकाळी, शिकाऱ्यांची गोळी. जीव निर्दोष आहे असा आव मात्र बोलपट आणीत नाही. त्याच्या आरंभीच तो मारियाच्या बापाला ठार मारतो. त्यानंतर जमाव त्याला पकडून खांबाला बांधतो आणि खांब उभा करतो. ही आकृती क्रुसाची आहे हे कोणाही ख्रिस्ती प्रेक्षकाला कळावे अशीच ती योजना आहे.

मग अंध तपस्व्याच्या झोपडीचा प्रसंग येतो. व्हायोलिनच्या सुरांनी ओढला जाऊन जीव दाराशी येतो. आपणास सोबती मिळाला म्हणून वृद्ध देवाचे आभार मानतो, आणि जीवाच्या गालावरून अश्रू ओघळतो. येथे त्याचे शिक्षण होते. भाकरी, मद्य, चांगले, वाईट, मित्र असे शब्द वृद्ध त्याला एकेक करून शिकवितो, आणि त्यांतच एकटेपणा वाईट हा धडा असतो. आजवर तो एकटा होता, पण एकटेपणाला त्याच्यापाशी शब्द नव्हता. तो शब्द त्याला मैत्रीच्या शब्दाबरोबर, एकाच पाठात मिळाला. आपण कोण ह्याची जाणीव त्याला निव्वळ धिक्काराने झालेली नाही. धिक्काराने त्याला भीती आणि राग शिकविले होते. स्वीकार काय असतो हे एकदा अनुभवल्यावरच आपल्याला काय नाकारले जात होते ते त्याला उमगले. थोड्याच वेळात दोन शिकारी वाट विचारीत येतात, डोळ्यांनी पाहतात, वृद्धाला 'सत्य' सांगतात, आणि त्या झटापटीत झोपडी पेट घेते.

उत्तरार्धाचा शेवट मात्र अडचणीचा आहे. जीवासाठी निर्माण केलेली सहचरी डोळे उघडते, त्याला पाहते आणि किंचाळते. कादंबरीत फ्रँकेन्स्टाईन स्त्रीजीव अर्धवट असतानाच नष्ट करतो. ती आपल्या जोडीदारालाच विटली तर काय, ही त्याच्या अनेक शंकांपैकी एक असते. बोलपटाने ती शंका खरी करून दाखविली. ह्या स्त्रीला गावाने काही शिकविलेले नाही; तिला समाज असा माहीतच नाही. मग तिची किंकाळी कोठून आली? बहिष्कार हा समाजाचा संस्कार आहे असे तासभर दाखवून बोलपट येथे, बहुधा नकळत, तो उपजत असल्याची कबुली देतो. हा विचारातील दोष आहे, आणि एल्सा लँचेस्टरच्या अपूर्व अभिनयामुळे तो झाकला जातो. फ्रँकेन्स्टाईन व त्याची पत्नी यांना जीव जावयास सांगतो. त्यांनी जगावे, आणि आपली व आपल्यासारख्यांची जागा मृतांत आहे, असा निवाडा तो स्वतःच देऊन प्रयोगशाळा उद्ध्वस्त करणारा दांडा ओढतो. गावाचा निवाडा शब्दशः हाच होता. आता तो सांगावयास गावाची गरज उरलेली नाही.

लँचेस्टरच्या नावाची गंमत येथे सांगण्यासारखी आहे. ह्याच बोलपटाच्या प्रास्ताविक दृश्यात तिने मेरी शेलीचीही भूमिका केली आहे. लेखिकेच्या भूमिकेपुढे श्रेयनामावलीत तिचे नाव छापले आहे. सहचरीच्या भूमिकेपुढे पुन्हा प्रश्नचिन्ह.

पुढे १९३९ साली 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाईन' निघाला. दिग्दर्शक बदलला होता. कार्लोफने दीर्घ चित्रपटात जीवाची भूमिका त्यानंतर पुन्हा केली नाही. ह्या बोलपटात जीव पुन्हा मुका आहे. १९३५ साली मिळालेली वाचा कशी गेली ह्याबद्दल कथेत खुलासा नाही. त्याचा एकच मित्र आहे, इगोर. प्रेते चोरल्याबद्दल गावाने त्याला फाशी दिले होते. मान मोडली, पण प्राण गेला नाही, आणि सरकारदप्तरी तो मृतच राहिला. आपल्याला दोषी ठरविणाऱ्या पंचांना एकामागून एक संपविण्यासाठी तो ह्या मित्राचा उपयोग करतो.